हॅम स्पर्धेत गुण जातात कुठे?

महोदय,

हॅम रेडिओची (परवाना घेऊन हौसेने चालवलेल्या बिनतारी केंद्रांची) बातमी येते ती पूर-वादळातच. त्याच्या स्पर्धांबद्दल, म्हणजे ठरल्या वेळेत जास्तीत जास्त केंद्रांशी संपर्क साधण्याबद्दल, सहसा कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी ‘सीक्यू वर्ल्डवाइड’ची आवाजी स्पर्धा असते, नोव्हेंबरच्या तशाच जोडसुट्टीला मोर्सची. आपल्याकडे शनिवारी पहाटे ५.३० ला सुरुवात, मग सलग ४८ तास. समोरच्याला सांगायचं एवढंच: सिग्नल अहवाल (तुमचा आवाज कसा पोचतो त्याचा आकडा) आणि झोन (स्पर्धेसाठी पाडलेल्या जगाच्या विभागांपैकी आपला क्रमांक). पुण्याहून ‘फाइव्ह नाइन टू टू’: ‘फाइव्ह नाइन’ हा अहवाल आणि ‘टू टू’ हा झोन, कारण आपण झोन २२ मध्ये (अंदमान मात्र २६).

दुसऱ्या खंडातल्या केंद्राला ३ गुण, आशियातल्या दुसऱ्या देशाला १, भारतातल्याला शून्य. तरीही प्रत्येक बँडवर (फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यावर) एक भारतीय संपर्क घ्यावाच. देश आणि झोन असे दोन गुणक (एकूण गुणांना ज्यांच्या संख्येने गुणतात ते) फुकट मिळतात.

नवखे अडखळतात घड्याळावर. लॉगमध्ये (संपर्कांच्या नोंदवहीत) भारतीय वेळ पडली की समोरच्याच्या नोंदीशी काहीच जुळत नाही. संगणक यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) ठेवावा. कॉलसाइन (केंद्राचं सांकेतिक नाव) चुकीचा उतरवला तर संपर्क बाद होतोच, वर दंडही बसतो. शंका आली की पुन्हा विचारावं, लाजू नये.

२० मीटरच्या बँडला साधा डायपोल (मधोमध केबल जोडलेला, दोन बाजूंच्या तारेचा अँटेना) पुरतो. प्रत्येक बाजू ५.१५ मीटर कापावी आणि एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत फिरणाऱ्या शक्तीचं माप) पाहत दोन-दोन सेंटिमीटर छाटावी. केबल जोडतो तिथे चोक (केबलच्या बाहेरून परतणारा प्रवाह अडवणारा भाग) हवाच. नाहीतर आरएफ (रेडिओ लहरींची ऊर्जा) केबलच्या जाळीवरून खोलीत शिरते आणि धातूच्या माइकला ओठ लागताच चटका बसतो. माइक गेन (माइकचा आवाज वाढवणारं बटण) पिळून मात्र काही साधत नाही, शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर नुसता चिखल उडतो.

– एक परवानाधारक हॅम, पुणे