पगारातलं अंतर का मिटतंय?

मा. संपादक,

स.न.वि.वि.

कुशल कामगार टिकत नाहीत, ही तक्रार भोसरी, चाकण, वाळूज, सातपूरच्या कारखान्यांतून सतत ऐकू येते. उपाय म्हणून चर्चा होते ती पगाराचा आकडा वाढवण्याची. पण कामगार आपला पगार आधी ताडून पाहतो तो शेजारच्या मशीनवरच्या माणसाच्या पगाराशी, बाजारभावाशी नंतर. जे. स्टेसी अ‍ॅडम्स या मानसशास्त्रज्ञाने १९६३ मध्येच हे मांडलं होतं. आपण कामात घातलेलं कौशल्य, वर्षं, कष्ट आणि हाती पडलेलं वेतन यांचं प्रमाण माणूस दुसऱ्याच्या प्रमाणाला लावून बघतो. आपलं कमी भरलं, तर राजीनामा देण्याच्या बऱ्याच आधी तो हात आखडता घेतो. सेटिंगला जास्त वेळ लागू लागतो, नव्या मुलाला शिकवणं बंद होतं, माल बिघडत असल्याचं दिसूनही कोणी सांगत नाही.

हे प्रमाण बिघडतं कसं, ते पाहा. किमान वेतनातला विशेष भत्ता, म्हणजे महागाईनुसार ठरणारा भाग, राज्यात १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतो. बहुतेक उद्योगांत तो अकुशल आणि कुशल दोघांनाही सारखाच असतो. किमान वेतनावरच्या हेल्परला ही वाढ आपोआप मिळते. आठ वर्षं काढलेला ऑपरेटर किमान वेतनाच्या वर असतो म्हणून त्याला अनेक ठिकाणी काहीच मिळत नाही. दर सहा महिन्यांनी हेल्पर थोडा वर सरकतो आणि ऑपरेटर तिथेच राहतो. त्याचा पगार एका रुपयानेही कापलेला नसतो, तरी आपली किंमत कमी झाली हे त्याला बरोबर कळतं.

तीन वर्षांच्या वेतनकरारात सर्वांना सरसकट वाढ दिली की यात भरच पडते. समजा हेल्परला १४,००० आणि ऑपरेटरला २०,००० आहेत. दोघांना ६,००० वाढ दिली की २०,००० आणि २६,००० होतात. आधी ऑपरेटरचा पगार हेल्परच्या १.४३ पट होता, आता तो १.३ पट झाला. त्यात बाहेरून आलेल्या आयटीआयच्या मुलाला चालू दराने २५,५०० वर घेतलं, तर आठ वर्षांच्या अनुभवाचे उरतात फक्त ५०० रुपये. यापेक्षा वाढीचा साधारण ६० टक्के भाग सरसकट द्यावा आणि उरलेला श्रेणी व सेवाकाळ यांनुसार वाटावा. टक्केवारीने सगळी वाढ देणंही बरोबर नाही. महागाईचा चटका खालच्या पगाराला जास्त बसतो.

दुसरं मोठं दुखणं उत्पादन प्रोत्साहन भत्त्याचं. लाइनने ठरलेल्या नगांच्या वर माल काढला, महिनाभर चांगला भत्ता घेतला, की औद्योगिक अभियंता घड्याळ घेऊन येतो आणि सायकल टाइम, म्हणजे एका नगाला ठरवून दिलेला वेळ, कमी करतो; म्हणजे टार्गेट वाढतं. पुढच्या महिन्यापासून सगळे मिळून ठरवून टार्गेटच्या आसपासच थांबतात, आणि त्यांचं काही चुकत नाही. मशीन, टूल, माल किंवा पद्धत बदलल्याशिवाय हा वेळ बदलणार नाही, हे लेखी हवं. वीज गेली, माल आला नाही, साचा बिघडला, तर तो वेळ टार्गेटमधून वजा व्हायला हवा आणि त्याची नोंद त्याच पाळीत सुपरवायझरच्या सहीने व्हायला हवी. महिनाअखेरीस आठवून लिहिलेल्या नोंदीवर कोणी विश्वास ठेवत नाही.

ओव्हरटाइमबद्दल थोडक्यात. महिन्याला २०,८०० रुपये मिळत असतील, तर २६ दिवस आणि ८ तासांच्या हिशेबाने तासाचे १०० होतात, दुप्पट दराने २००. पण फक्त १०,४०० मूळ वेतन धरून 'दुप्पट' काढलं, तर तेच १०० हाती येतात, म्हणजे साधाच दर. कारखाने अधिनियम १९४८ च्या कलम ५९ ने भत्तेही धरायला सांगितले होते. कोणता पाया धरला, किती तास, कोणता दर, हे पगाराच्या स्लिपवर मराठीत छापायला वेगळा खर्च येत नाही.

कंत्राटी कामगार तर एकाच लाइनवर तेच काम करतो, पण त्याचा पगार वेगळा, बोनस वेगळा, काही ठिकाणी कॅन्टीनचा दरही वेगळा. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या जगजित सिंग निकालात समान कामाला समान वेतन हे तत्त्व पंजाब सरकारच्या तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही लावलं. खासगी कारखान्यांनी त्याच्याकडे सरकारी बाब म्हणून पाहू नये.

श्रेणी आणि वेतनटप्पे सूचनाफलकावर लावावेत, असं आम्ही सुचवू, पण घाईने नाही. ज्या फरकाचं कारण व्यवस्थापनाला सांगता येत नाही, तो आधी दुरुस्त करावा. नाहीतर फलक वाचून असंतोष वाढेल. आणि युनियनच्या पुढाऱ्यांनीही मागणीपत्रात सरसकट रकमेवरच अडून बसू नये. सभेत ती मागणी लगेच मंजूर होते, कारण सगळ्यांना सारखं मिळतं. पण पुढच्या करारापर्यंत मशीन लावून देणारे सेटर आणि साचे-हत्यारं सांभाळणारी टूलरूमची माणसं कंपनी सोडून गेलेली असतात, आणि त्यांची जागा भरायला वर्ष-दोन वर्षं लागतात.

आपले,
वेतन व कामगार विभागांत काम करणारे काही वाचक,
पिंपरी-चिंचवड