लोथलच्या म्युझियममधल्या काकांना थँक्यू

काका, तुमचा नंबर काही घेतला नाही म्हणून इथेच लिहितेय, कोणी ओळखीचं असेल तर वाचून दाखवेल तुम्हाला.

आम्ही सगळे लोथलच्या, म्हणजे गुजरातमधल्या त्या हडप्पाकालीन गावाच्या, गोदीवर फोटो काढायला निघालो होतो, तुम्ही म्हणालात आधी हे बघा, आणि मातीच्या त्या छोट्या ठशांपाशी नेलंत. पुढून हडप्पा मुद्रेचा छाप, तो पुस्तकात असतोच की. पण तुम्ही मोबाईलमध्ये मागची बाजू दाखवलीत आणि झूम करून बोट ठेवलंत, तिथे विणलेल्या कापडाचे, चटईचे, दोरीचे वण! म्हणजे माल बांधायचा, गाठीवर ओली माती थापायची, वर मुद्रा दाबायची, झालं सील. कापड गेलं, दोरी गेली, माल कुठे गेला देव जाणे, वण तेवढे राहिले, आणि तेही का तर वखारीला आग लागली आणि कच्ची माती आयती भाजून निघाली. असे ६५ ठसे मिळालेत तिथे. ४००० वर्षांपूर्वी ज्याचा माल जळला त्याने कपाळावर हात मारला असेल, आपलं मात्र फावलं.

मग गोदी. पुरातत्त्वज्ञ एस. आर. राव यांनी १९५४ मध्ये ही जागा शोधली, १९५५ पासून खोदकाम, हे पाटीवरही वाचता येतं. तुम्ही "जगातली पहिली गोदी" वगैरे भाषण ठोकलं नाहीत हे फार आवडलं, उलट काही अभ्यासक हिला साधा पाण्याचा तलाव मानतात हे स्वतःहून सांगितलंत, आणि मग दक्षिणेच्या भिंतीतली जादा पाणी जायची वाट दाखवलीत, लाकडी फळी बसवायच्या खाचांसकट. भरतीचं पाणी आत आलं की फळी टाकून अडवायचं, म्हणजे ओहोटीतही नावा तरंगत्या. समुद्र कुठेय मग, असं आमच्यातल्या एकाने विचारलंच, तर नदीने पात्र बदललं, गाळ भरत गेला आणि खंभातचं आखात लांब राहिलं हे मातीत काडीने रेघा ओढून समजावलंत.

मला तरी ती गोदीच वाटते. सव्वादोनशे मीटरच्या आसपास लांब, भाजलेल्या विटांचं बांधकाम, आणि शेजारी वखार, नुसत्या तलावाला एवढा थाट कशाला?

खूप खूप आभार काका. मण्यांच्या कारखान्याचं घाईत राहून गेलं, पुढच्या वेळी भाचरांना घेऊन येतेय, तेव्हा तेवढं नीट दाखवा, आणि इराणी आखाताकडची ती गोल मुद्रा पण.