बुटक्या पेन्सिलीला टोक काढणाऱ्या अनोळखी व्यक्तीस

सप्रेम नमस्कार,

तुमचं खरं नाव मला ठाऊक नाही. नोंदीत टोपणनाव तेवढं दिसतं, पण ते इथे लिहीत नाही. गाजावाजा न करता काम करून निघून गेलेल्या माणसाला चारचौघांत उभं करणं बरं नव्हे. पत्र मात्र उघडच लिहायचं होतं, कारण आणखी काही मंडळींनीही ते वाचावं अशी माझी इच्छा आहे.

तुम्ही सावरलात तो जिओकॅश माझ्या मैत्रिणीचा. जिओकॅश म्हणजे रानात लपवलेला डबा: संकेतस्थळावर दिलेल्या अक्षांश-रेखांशावरून तो शोधायचा, आतल्या वहीत सही करायची आणि संकेतस्थळावर तशी नोंद करायची. ‘कॅश’ म्हटलं की लोकांना पैसेच आठवतात. तिच्या आईला तर बरीच वर्षं वाटायचं, की पोरगी रानात पैसे पुरून येते. मग ही हौसेने समजावायची: २ मे २००० ला अमेरिकेने जीपीएसच्या नागरी सिग्नलमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमध्ये एकाने रानात बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. “चूक निघाली आणि माणसं लगेच लपाछपी खेळायला लागली बघ!” आई सगळं ऐकून घ्यायची आणि विचारायची, “पण पैसे किती ठेवलेस?”

ती गेली आणि डबा पोरका झाला. मालकाच्या संमतीशिवाय तो दुसऱ्याच्या नावावर होत नाही, आणि संमती द्यायला ती आहे कुठे? माझ्या गुडघ्यांना आता तो चढ झेपत नाही, म्हणून ओळखीच्यांना विनवलं. “या रविवारी नक्की” म्हणणारे पुष्कळ भेटले. रविवारही पुष्कळ गेले. ती गेल्याचं मी संकेतस्थळावरच्या डब्याच्या पानावर लिहिलेलं असताना त्याच्याच वर तिघांनी “डबा ओला, मालकाने लक्ष द्यावे” असं लिहून ठेवलं. एका बहाद्दराला डबा सापडेना, तर त्याने खिशातली फिल्मची डबी दगडाखाली सरकवली आणि ‘सापडला’ म्हणून नोंद करून मोकळा झाला. शेवटी दुरुस्ती न झाल्यास कॅश बंद करू, अशी सूचना आली. ती वाजवीच होती. नकाशावर कचरा कोण ठेवील? मीही मनातल्या मनात निरोप घेऊन टाकला होता.

आणि मग तुमची नोंद आली, फोटोंसकट.

घट्ट झाकणाचा नवा डबा, कोरी वही, उचलून नेलेली ती फिल्मची डबी, या सगळ्याबद्दल आभार आहेतच. जुनी वही तुम्ही पानांमध्ये टिपकागद घालून वाळवलीत. पेनाने लिहिणाऱ्यांचे सगळे निळे ओघळ झालेत, पण पहिल्या पानावरचं तिचं अक्षर जसंच्या तसं आहे. ती पेन्सिलीनेच लिहायची आणि इतरांनाही दटावायची, “शाई पाण्याला भिते, शिसं भीत नाही.”

पण मी सगळ्यात जास्त वेळ पाहत बसले तो शेवटचा फोटो. डब्यातली तिची पेन्सिल उरली होती जेमतेम दीड इंच, मागचं टोक चावलेलं. दुसरं कुणीही ती फेकून दिली असती, आणि त्याला मी नावं ठेवली नसती. तुम्ही तिला टोक काढलंत, शेजारी एक नवी पेन्सिल ठेवलीत आणि स्वतःची सही त्या नवीने केलीत. बुटकीचं टोक फोटोत अजून सुईसारखं आहे, त्यावरून मी ताडलं. चुकत असेन तर सांगू नका.

एवढं कुणी सांगितलेलं नसताना सुचावं लागतं. हा सगळा खेळच तसा भाबडा. डब्याला कुलूप नाही, राखण नाही. काही घेतलंत तर तोलामोलाचं काही ठेवा, आणि होता तसा पुन्हा लपवा, एवढाच काय तो रिवाज. तरी वर्षानुवर्षं डबे टिकतात. कुणी बघत नसताना नीट वागणारी माणसं आहेत म्हणून टिकतात, असं ती म्हणायची. मी तिला हसायचे.

तो फोटो काल तिच्या आईला दाखवला. त्यांनी तो मोठा करायला लावला, बराच वेळ निरखला आणि म्हणाल्या, “शंभरदा सांगितलं होतं कार्टीला, पेन्सिल चावू नकोस म्हणून.” मग फोन बराच वेळ परत देईनात.

एक विचारायचं राहिलं. रानात जाताना तुमच्या खिशात शार्पनर होता तरी कसा?

तुमची ऋणी,
तिची मैत्रीण