काकी, आधी केळी लावायला लावलीत म्हणून

काकींना सप्रेम नमस्कार.

तुमचा मोबाईल फक्त वाजतो, त्यावर वाचता काही येत नाही. म्हणून हे पत्र तुमची नात वाचून दाखवेल. तिला आधीच सांगून ठेवते, बाळा, सावकाश वाच. आणि मी जिथे आजीची तक्रार केली आहे, तेवढं गाळू नकोस.

चार लोकांसमोर लिहायचं कारण असं, की हल्ली हरिहरेश्वरकडे जाणाऱ्या गाड्या आपल्या गडग्यापाशी, म्हणजे दगडी कुंपणापाशी, थांबायला लागल्यात. माणसं उतरतात, फोटो काढतात. मागच्या महिन्यात पुण्याच्या एका गृहस्थांनी विचारलं, "लँडस्केपिंग कुणाकडून करून घेतलंत?" मी म्हटलं, शेजारच्या काकींकडून. ते हसले. त्यांना वाटलं, मी नाव सांगायचं टाळतेय.

3 जून 2020. निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर चढलं, ताशी 110 किलोमीटरच्या वर वारा घेऊन. आम्ही ठाण्यात, टाळेबंदीत अडकलेले. तुमच्याशी फोन लागेना, वीज तर पुढे कित्येक दिवस नव्हतीच. पोचलो तेव्हा वाडीत उभं राहून समोर बघितलं आणि समुद्र दिसला. लग्न होऊन आले तेव्हापासून त्या जागेवरून समुद्र फक्त ऐकू यायचा. सासऱ्यांनी लावलेल्या 350 पोफळींपैकी, म्हणजे सुपारीच्या झाडांपैकी, 19 उभ्या होत्या. माड 7. हे तर तिथेच बसले, पडलेल्या खोडावर. तुमची स्वतःची वाडी आडवी झालेली असताना तुम्ही चहा घेऊन आलात, तोही चुलीवरचा, धुराचा वास असलेला.

मी मूळची सोलापूरची. आमच्या अंगणात एक कडुनिंब आणि एक तुळस, त्याला आम्ही बाग म्हणायचो. इथे राहायचं ठरल्यावर मी मोबाईलवर बागांचे फोटो बघायला लागले. ट्रॉपिकल गार्डन म्हणे. फॉक्सटेल पाम, बॉटल पाम, लाल दांड्याचा लिपस्टिक पाम, हेलिकोनिया. सुपारीला निदान पाच-सहा वर्षं लागणार, तोवर डोळ्यांना तरी हिरवं दिसू दे, असा माझा हिशेब. नर्सरीतून टेम्पो भरून आणला आणि ऑक्टोबरच्या उन्हात सगळं लावून मोकळी झाले. सोबत पोफळीची रोपंही. आठ दिवसांत पानं अशी करपली, जशी तव्यावर विसरलेली भाकरी.

तीन दिवस तुम्ही गडग्यापलीकडून नुसत्या बघत होतात. चौथ्या दिवशी आलात आणि म्हणालात, "अगो, तान्ह्या पोराला कोण उन्हात ठेवतं?"

आणि मग ते वाक्य, ज्याच्यावर आजची सगळी बाग उभी आहे: "आधी केळी लाव."

मला राग आला होता, खोटं कशाला सांगू. मला पाम हवे होते आणि तुम्ही केळीचे मुनवे, म्हणजे बुंध्याशी फुटणारी पिल्लं, आणून टाकत होतात. पण पोफळ लहानपणी सावलीतच वाढते, हे मला ठाऊक नव्हतं. जुन्या वाडीत नवं रोप माडांच्या छायेत आपोआप वाढायचं, त्यामुळे सासऱ्यांना ते कधी सांगायची वेळच आली नव्हती. वादळाने झाडं नेली त्याच्याबरोबर सावलीही नेली, आणि सावली काही नर्सरीत मिळत नाही. केळ मात्र वर्षभरात डोक्याच्या वर जाते. दोन पोफळींमध्ये नऊ फूट, मध्ये केळ, हे माप तुम्ही दोरीला गाठी मारून दिलंत. ती दोरी अजून पडवीत खुंटीला आहे. मे 2021 मध्ये तौक्ते चक्रीवादळ समुद्रातून वर सरकलं तेव्हा अर्ध्या केळी आडव्या झाल्या आणि मी रडायला लागले. तुम्ही बुंध्याशी आलेले मुनवे दाखवलेत आणि घरी निघून गेलात. पावसाळा सरता सरता पुन्हा सावली.

उभ्या राहिलेल्या 19 पोफळींचंही तेच. त्या वाचल्या म्हणून मी निर्धास्त होते. तुम्ही खोडावर हात फिरवून म्हणालात, ही भाजणार. शेजारची झाडं गेल्यामुळे दक्षिण-पश्चिमेचं ऊन थेट खोडावर येत होतं. तिथे साल तांबूस होते, मग खोड चिरतं, आणि पुढच्या वाऱ्याला झाड तिथेच मोडतं. पोफळीला आंब्यासारखी जखम भरून काढता येत नाही. तुम्ही पडलेल्या झावळ्या गोळा केल्यात आणि प्रत्येक खोडाला त्या बाजूने बांधायला लावल्यात. येणारे-जाणारे विचारायचे, झाडांना शाली का पांघरल्यात? 19 पैकी 17 आजही आहेत.

आता भांडण. पडलेल्या माडांची खोडं मला ठेवायची होती. त्यांच्यावर नेचे आणि ऑर्किड लावायचे, असं फोटोत बघितलं होतं. तुम्ही म्हणालात, फोडून जाळ किंवा उचलून दे. मी ऐकलं नाही. पुढच्या वर्षी नव्या माडांची पानं कात्रीने कापल्यासारखी पंख्याच्या आकारात बाहेर आली. गेंड्या भुंगा. कुजणाऱ्या माडाच्या खोडात तो अंडी घालतो, म्हणजे मीच त्याला पाळणाघर बांधून दिलं होतं. खोड फोडलं तेव्हा आत अंगठ्याएवढ्या पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. त्या वेळी तुम्ही "सांगितलं होतं" असं एकदाही म्हणाला नाहीत. लोखंडी तारेचा आकडा आणलात, शेंड्यातल्या भोकात घालून भुंगा ओढून काढलात आणि कोंबाभोवती पानांच्या बेचक्यांत वाळू आणि निंबोळी पेंड भरलीत. माडाला कोंब एकच, तो गेला की माड गेला, हे मला त्या दिवशी कळलं. एक माड गेलाच. त्याच्या जागी अजून काही लावलेलं नाही.

तुमच्या डोळ्याला मात्र मी मानते. हजारो रुपये देऊन आणलेला ट्रॅव्हलर्स पाम तुम्ही एकदा बघितलात आणि म्हणालात, "ही केळ आहे, माड नव्हे." मी गुगल केलं. खरंच तो पाम नाहीच, मादागास्करचं झाड, केळीच्या नात्यातलं. कसं ओळखलंत विचारलं तर म्हणालात, वाऱ्याने पान कसं फाटतं बघ की.

आणि लिपस्टिक पाम. कुंडीत मरायला टेकला होता. मी पाणी बेताने घालत होते, मुळं कुजतील म्हणून. तुम्ही त्याला सरळ पाटाच्या तोंडाशी, जिथे पंप सुरू केला की चिखल होतो, तिथे नेऊन लावलंत. पुढे वाचलं तेव्हा कळलं, की हा मूळचा मलाया-सुमात्राकडच्या दलदलीतला, कोरडं त्याला सोसतच नाही. तुम्ही कुठे वाचलं होतं? तुम्ही फक्त म्हणालात, तहानलेला दिसतोय. त्याच्या लाल दांड्यांवरून तुम्ही त्याला "नवरीचा माड" म्हणायला लागलात आणि आता आख्खी आळी तेच म्हणते.

बाकी शिकवलंत त्याची यादी काढत नाही. बोर्डो मिश्रणात, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या बुरशीनाशकात, कोयत्याचं पातं बुडवून बघायचं आणि त्यावर तांबूस थर आला तर चुना वाढवायचा, एवढं मात्र लिहितेच, कारण यंदा पावसाआधीची फवारणी मी तुमच्याशिवाय केली आणि पातं स्वच्छ निघालं.

तक्रार राहिली. मी भर दुपारी बारा वाजता रोपांना पाणी घालत होते, हे तुम्ही बाजारात सगळ्यांना सांगितलंत. अजून मासेवाली मला त्यावरून चिडवते. शिवाय माझ्या हेलिकोनियाचे दोन गड्डे न विचारता नेलेत. तुमच्या विहिरीपाशी ते माझ्यापेक्षा चांगले फुललेत, हे जास्त लागलं.

गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं असं मुलाने कळवलं. आता मुंबईत बसून कंटाळला असाल. तुमच्या वाडीचं पाणी एक दिवसाआड चालू आहे, किल्ली माझ्या डब्यात आहे, मांजर दोन्ही घरी जेवतं. 2021 च्या पावसात लावलेल्या पोफळींपैकी गडग्याकडच्या तिसरीला पहिली पोय, म्हणजे फुलांचा तुरा, आली आहे. वाडीत उभं राहिलं की समुद्र आता पुन्हा दिसत नाही.

नवरीच्या माडाला बुंध्याशी दोन नवी पोरं फुटली आहेत. एक तुमच्यासाठी म्हणून मी मनात धरलंय. आत्ता वेगळं करायचं की अजून थांबायचं, यावर दोन व्हिडिओ बघितले, दोघे दोन गोष्टी सांगतात. मी हात लावलेला नाही. गणपतीच्या आधी या आणि तुम्हीच बघून सांगा.

तुमची,
गडग्याअलीकडची सोलापूरची सून