मृगाच्या आधी वीस खुर्च्या हव्यात : ज्येष्ठांच्या व्यायामवर्गासाठी आवाहन

सर्व ग्रामस्थ, मुंबईकर मंडळी आणि माहेरवाशिणी यांना सस्नेह नमस्कार.

मृग लागला की आपल्या वाड्यांमधल्या वयस्कर माणसांचं फिरणं बंद होतं. जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ चढतं, पाणंद चिखलाने भरते, एका हातात छत्री आणि दुसऱ्यात काठी घेतली की धरायला हात उरत नाही. घरचेही म्हणतात, नका जाऊ कुठे. गणपतीला मुलं मुंबईहून येतात तेव्हा आईला पाटावरून उठवायला दोघं लागतात. मे महिन्यात ती एकटी उठत होती. दोष वयाला दिला जातो. खरं तर तीन महिने मांड्यांना कामच पडलेलं नसतं. म्हातारपणी न वापरलेला स्नायू झरझर उतरतो आणि परत भरायला त्याच्या कितीतरी पट वेळ घेतो.

म्हणून यंदा १ जूनपासून समाजमंदिरात सोमवार, बुधवार आणि शुक्रवार, दुपारी ४ वाजता पाऊण तासाचा वर्ग सुरू करत आहोत. साठीपुढच्या कुणालाही येता येईल, फी नाही. सध्या तीस जणांची सोय होईल.

‘जन्मभर शेतात राबलो, आता व्यायाम कसला?’ हे आम्हाला रोज ऐकायला मिळतं. लावणी करत होता तोवर प्रश्नच नव्हता. लावणी सोडून दहा वर्षं झाली, तेव्हाची ताकद आज शिल्लक नाही. जे संध्याकाळी सडकेवर फेरी मारतात त्यांनी ती चालू ठेवावीच, पण तेवढ्याने भागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये ६५ वर्षांपुढच्यांसाठी आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगितली आहे, आणि शिवाय आठवड्यातून तीन दिवस तोल व ताकदीचे व्यायाम. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठाने वयस्करांचं पडणं कमी करण्यासाठी पायाला वजन बांधून करायचे आणि तोल सांभाळायचे व्यायाम बसवले. तिथल्या चाचण्यांमध्ये पडण्याचं प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी घटलं. आपला वर्ग त्याच धर्तीवर आहे. जमिनीवर बसावं लागत नाही, त्यामुळे योगवर्गाला येऊ न शकणारी गुडघेदुखीची मंडळीही यात बसतात.

मुख्य व्यायाम एकच धरा : खुर्चीतून हात न टेकता उठणं. टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यायच्या, कमरेतून पुढे वाकायचं, नाक अंगठ्यांच्या वर आलं की उठायचं. बसताना मनात तीन आकडे मोजत हळू बसायचं. बहुतेकांचं चुकतं ते इथेच. पाय पुढे पसरलेले असतात म्हणून उठता येत नाही, मग ‘गुडघेच गेले’ असं वाटतं. काही जण उठतात नीट आणि बसताना धपकन पडतात, त्यात मणक्याला हिसका बसतो आणि निम्मा व्यायाम वाया जातो. श्वास रोखून धरला की रक्तदाब चढतो, म्हणून आकडे मोठ्याने मोजायला लावणार आहोत. आठ ते दहा वेळा, थोडं थांबून पुन्हा तेवढंच. पहिल्या दिवशी प्रत्येकाची नोंद घेऊ : हात छातीशी बांधून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठता येतं. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयात बाईला १० आणि पुरुषाला १२ च्या खाली जमलं, तर पडण्याचा धोका जास्त धरतात.

यासाठी खुर्च्या हव्यात आणि त्या प्लास्टिकच्या चालणार नाहीत. मंडळाकडे लग्नकार्याच्या शंभर प्लास्टिक खुर्च्या आहेत, पण गुळगुळीत टाइलवर त्यांचे मागचे पाय फाकतात आणि माणूस बसता बसता खुर्ची सरकते. लोखंडी किंवा लाकडी, बिनहाताची, चाकं नसलेली, बैठक जमिनीपासून ४३ ते ४५ सेंटिमीटर, पायांना रबरी बूट, अशी खुर्ची हवी. ती भिंतीला टेकवून ठेवायची. घरात अशी जुनी डायनिंगची खुर्ची पडून असेल तर तीच द्या, डगडगत असेल तर दुरुस्त करून घेऊ.

दुसरी गरज पैशाची नाही. जुन्या जीन्स हव्यात, आठ-दहा पुरेत. पायाला बांधायच्या वाळूच्या पिशव्या आपणच शिवणार आहोत : २५ बाय १० सेंटिमीटर, आडव्या शिलाईने चार कप्पे, प्रत्येक कप्प्यात १२५ ग्रॅम, म्हणजे पिशवी अर्ध्या किलोची. कप्पे नसले तर वाळू एका टोकाला गोळा होते आणि पिशवी घोट्यावरून घसरते. वाळू नदीचीच, चाळून दोन दिवस कडक उन्हात वाळवलेली. समुद्राची नको, तिच्यातलं मीठ ओल धरतं आणि जुलैत पिशवीला बुरशी येते. तीस जोड म्हणजे ६० पिशव्या. शिवणयंत्र असलेल्या भगिनींनी चार दुपारी दिल्या तर काम होईल. वेल्क्रो मंडळ आणेल.

तिसरं, माणसं. पाच जणांमागे एक असे सहा स्वयंसेवक हवेत, आणि ज्यांचा तोल फारच जातो त्यांच्याजवळ वेगळा एक. बारावीची परीक्षा दिलेली मुलंही चालतील. तालुक्याच्या फिजिओथेरपिस्ट दोन दिवस येऊन शिकवतील. काम असं : शेजारी किंचित मागे उभं राहायचं, एक हात कमरेजवळ तयार ठेवायचा. दंडाला धरून ओढायचं नाही, खांदा निखळतो. वर्गाआधी रक्तदाब बघायचा. ज्याचा वरचा आकडा १८० किंवा खालचा ११० च्या वर असेल त्याने त्या दिवशी नुसतं बसून गप्पा माराव्यात. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी येऊ नये. गरगरलं, घाम फुटला तर द्यायला साखर कपाटात असेल. छातीत दुखतं, चालताना धाप लागते, नुकतंच ऑपरेशन झालंय अशांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

खर्चाचा हिशेब : २० खुर्च्या ३०,००० रुपये, समाजमंदिराच्या भिंतीला ९० सेंटिमीटर उंचीवर २४ फूट स्टीलचा दांडा १२,०००, लांबच्या दोन वाड्यांतल्यांना आणायला-सोडायला रिक्षा, चार महिन्यांचे १५,६००, फिजिओथेरपिस्टच्या चार फेऱ्या ६,०००, रक्तदाबाचं यंत्र २,५००. एकूण ६६,१००. मंडळाकडे १८,००० आहेत, ४८,१०० कमी पडतात. रिक्षा कुणी स्वखुशीने फिरवणार असेल तर तेवढी रक्कम वगळू.

ट्रेडमिल, व्यायामाची सायकल, मालिशचं यंत्र कृपया देऊ नका. पावसात वीज किती वेळ असते ते सर्वांना ठाऊक आहे, आणि पट्टा चालू असताना ऐंशीचा माणूस थांबायचं कसं हे विसरला तर आपण त्याला पाडण्याचीच सोय केली.

मुंबईकरांना एक मागणं आहे. मे महिन्याच्या सुट्टीत घरी आहात तोवर मागच्या दाराच्या पायऱ्या ब्लीचिंग पावडरने घासा, न्हाणीघरात आणि संडासात दांडा बसवून घ्या (प्लास्टिकच्या प्लगवर नको, अंगाचं वजन आलं की भिंतीतून उपटतो), काठीच्या टोकाचं रबर झिजलं असेल तर बदला. आणि ‘तू बस, मी आणते’ हे प्रेमाने म्हणणं जरा कमी करा. पाण्याचा तांब्या आईने स्वतः उठून आणला तर तिचं भलंच आहे.

खुर्च्या आणि जीन्स २५ मेपर्यंत समाजमंदिरात सकाळी ९ ते ११ या वेळात पोचवाव्यात. देणगी खजिनदारांकडे द्यावी, पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. स्वयंसेवकांनी नावं त्याच वेळात नोंदवावीत. शिकवणी २९ आणि ३० मे रोजी दुपारी ४ वाजता आहे.

आपले,
कार्यकारिणी, ग्रामविकास मंडळ