नकार कृतीला आहे, रुग्णाला नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

ज्यांना धर्म आडवा येतो त्यांनी रुग्णसेवेत येऊच नये, असा सूर असलेले वाचकपत्र आपल्या दैनिकात वाचले. मी कॅथलिक आहे आणि ओटीत, म्हणजे शस्त्रक्रियागृहात, परिचारिका आहे. गर्भपाताच्या शस्त्रक्रियेला मी स्क्रब होत नाही, म्हणजे हात निर्जंतुक करून डॉक्टरांच्या मदतीला उभी राहत नाही, आणि तिच्या उपकरणांचा ट्रेही लावत नाही. मात्र त्याच बाईला बाहेर आणल्यावर तिचा रक्तदाब घेणे, रक्तस्रावावर लक्ष ठेवणे, ती रडत असेल तर जवळ बसणे हे सगळे मी करते आणि मनापासून करते. ती या निर्णयाला का आली, हे मी कधी विचारत नाही.

कॅथलिक माणूस प्रत्येक गोष्टीला नाहीच म्हणतो, हाही गैरसमज आहे. असह्य वेदना होणाऱ्या, मरणपंथाला लागलेल्या रुग्णाला मॉर्फीन द्यावे; त्याने आयुष्य थोडे घटले तरी मृत्यू घडवण्याचा हेतू नसेल तर ते चालते, असे पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्येच सांगितले होते. गर्भवतीच्या जिवावर बेतलेल्या आजारावर उपचार करताना गर्भ वाचू शकला नाही, तर तो उपचारही आमच्या श्रद्धेत निषिद्ध नाही. २०१२ मध्ये आयर्लंडमध्ये गर्भवती सविता हलप्पनवार जंतुसंसर्गाने गेल्या. गर्भाचे ठोके चालू आहेत म्हणून त्यांनी मागितलेला गर्भपात थांबवून ठेवला होता. त्या थांबवण्याला माझी श्रद्धा आधार देते, असे कोणी म्हणू नये.

खरा पेच याच्या पुढे आहे. स्वतः हात लावायचा नाही, हे ठरवणे सोपे. पण इनचार्ज म्हणून त्याच केसला दुसऱ्या सिस्टरला पाठवायचे का? ग्लासगोतल्या दोन कॅथलिक सुईणी हाच प्रश्न घेऊन न्यायालयात गेल्या होत्या. ब्रिटनचा १९६७ चा कायदा गर्भपातात सहभाग नाकारण्याची मुभा देतो, जीव वाचवण्याचा प्रसंग सोडून. पण ही मुभा प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना आहे. ड्युटी लावणाऱ्यांना, देखरेख करणाऱ्यांना नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. मला तो निकाल बोचला. दुसरीच्या नावापुढे मी सही केली, तर त्या कामात मी नव्हते असे मला म्हणता येत नाही. तरी न्यायालयाची अडचण कळते. मुभा तिथपर्यंत ताणली तर विभाग चालवायचा कोणी? म्हणून इनचार्जपद देऊ केले तेव्हा मी ते घेतले नाही.

स्वीडनमध्ये तर अशी मुभाच नाही. तिथल्या सुईणींची तक्रार युरोपीय मानवी हक्क न्यायालयानेही २०२० मध्ये दाखल करून घेतली नाही. त्या वाचकपत्रलेखकांना हेच हवे असेल, तर आम्ही ज्या असंख्य रुग्णांची सेवा करतो त्यांचाही विचार त्यांनी करावा.

माझी मागणी साधी आहे. गर्भपाताच्या कामात सहभागी होणार का, हा प्रश्न प्रत्येक रुग्णालयाने नोकरीवर घेतानाच विचारावा, उत्तर लेखी घ्यावे आणि ड्युटी लिस्ट त्याप्रमाणे लावावी. ओटीच्या दाराशी, रुग्ण ट्रॉलीवर असताना, हा वाद होताच कामा नये. तिच्या कानावर तो पडणे हीच तिला इजा आहे. आणि आमच्या नकारामुळे सहकारी सिस्टरवर जो भार पडतो, तो आम्ही दुसऱ्या पाळ्या घेऊन उचलावा, हेही त्याच कागदावर लिहावे. मी सही करायला तयार आहे.

आपली,
एक परिचारिका