कोकणच्या रस्त्यासाठी औषधांची पिशवी

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला प्रथमोपचार पेटीचा फोटो पाहिला. वीस चिकटपट्ट्या, कापसाची गुंडाळी आणि भातुकलीतली वाटावी अशी कात्री. भाजी चिरताना बोट कापलं तर ठीक आहे. दिवेआगर ते गणपतीपुळे रस्त्यावर दुचाकी घसरली तर कोपर, गुडघा, मांडी सोलवटते आणि त्यात जांभ्याचा तांबडा कच रुतून बसतो. म्हणून आधी धुण्याची सोय: सलाइनच्या 500 मिलीच्या दोन प्लास्टिकच्या बाटल्या आणि सुईशिवाय 20 मिलीची सिरिंज. सिरिंजने जोरात धार मारायची, उरलेला कच चिमट्याने काढायचा. कच राहिला तर जखम पिकते, आणि भरली तरी कातडीखाली काळपट डाग कायमचा राहतो. सलाइन संपलं तर पिण्याचं स्वच्छ पाणीही चालतं.

कापूस जखमेवर नको. तंतू चिकटतात, दुसऱ्या दिवशी पट्टी सोडताना खपलीही उपटून येते. पॅराफिन गॉजचे (मेणचट, जखमेला न चिकटणारी जाळी) 10 बाय 10 सेंटिमीटरचे सहा तुकडे घे; त्यावर साधा निर्जंतुक गॉज (दहा पाकिटं), त्यावर 10 सेंटिमीटर रुंदीचं रोलर बँडेज (चार). रक्त वाहत असेल तर गॉज दाबून धर, घड्याळ लावून दहा मिनिटं, मध्ये उचलून बघायचं नाही. भिजला तर काढू नकोस, वर दुसरा ठेव.

क्रेप बँडेज 15 सेंटिमीटरची दोन. पाय मुरगळला तर बोटांकडून वर गुंडाळत जा. मग अंगठ्याचं नख दाबून सोड: पांढरं पडलेलं नख दोन सेकंदांत गुलाबी झालं नाही तर पट्टी आवळली गेली आहे, सोडून पुन्हा बांध. शिवाय दोन तिकोनी पट्ट्या, हातमोज्यांचे तीन जोड, कापडी चिकटपट्टी आणि जीन्स कापेल अशी बोथट टोकाची कात्री.

पोटरीला सायलेन्सर लागला तर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. टूथपेस्ट नाही, हळद नाही, फोड फोडायचा नाही.

गोळ्या थोड्याच: पॅरासिटामॉल 500 च्या दहा, ॲलर्जीवरच्या सेट्रिझिनच्या पाच, एक लिटरची ओआरएसची पाच पाकिटं. स्ट्रिप कापू नकोस, नाव आणि मुदत नेमकी कापलेल्या तुकड्यावर जाते. गाडीच्या हादऱ्यांनी सुट्या गोळ्यांची भुकटी होते, म्हणून स्ट्रिपा कागदात घट्ट गुंडाळ.

आता पिशवी कुठे ठेवायची. सीटखाली नको: सीट किल्लीशिवाय उघडत नाही, आणि तू बेशुद्ध. बाजूच्या बॅगेतही नको, गाडी त्याच कुशीवर पडली की ती खाली अडकते. मागच्या बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेव. चेन लावायच्या दोन प्लास्टिक पिशव्या कर. एकीवर ‘जखम’, दुसरीवर ‘गोळ्या’ असं मार्करने ठळक मराठीत लिही, कारण ती बहुधा आंबा-काजूच्या बागेतून धावत आलेला माणूस उघडेल. आत कार्ड: रक्तगट, सल्फा औषधांची ॲलर्जी, आमचे दोन नंबर. ‘श्वास अडत नसेल तर हेल्मेट काढू नका’ हेही त्यावरच लिही. आणि खाली एक ओळ: मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने कलम 134अ आलंय, जखमीला मदत करणाऱ्याला नाव सांगायचीही सक्ती नाही. पोलिसांच्या भीतीने माणसं लांब उभी राहतात गं.

रत्नागिरीकडे फुरसं हा विषारी साप फार. चावलं तर बांधायचं, कापायचं, चोखायचं काही नाही. बूट, पैंजण, अंगठी काढ, पाय हलवू नकोस आणि बरं वाटत असलं तरी हॉस्पिटल गाठ. रक्त न गोठण्याचा परिणाम उशिरा दिसतो. वेदनेवर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन घेऊ नकोस. 108 च्या रुग्णवाहिकेला सांगताना गावाबरोबर खाडीची बाजू सांग. दाभोळ आणि धोपावे समोरासमोर दिसतात, पण फेरी बंद झाल्यावर रस्त्याने खाडीला भलामोठा वळसा पडतो.

धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंस ते फाइलीत बघ. सलाइन मी आणून ठेवते. पॅराफिन गॉज प्रत्येक दुकानात मिळत नाही, तो तू आजच बघायला लाग.

तुझी,
आई